तातूने मागितलेला कौल

तातू मेस्त्रीने दशावतारी नाटकात आरतीत घोरणारा महाराज असा रंगवला की हसण्याच्या आवाजाने देवळातली वटवाघळं गाव सोडून गेली.

सकाळी मठाचे महाराज चार पैलवान घेऊन देवळात हजर! "देवाचा अपमान केलास. पुन्हा तोंडाला रंग लावलास तर पाय मोडीन!"

तातूने हात जोडले. "देव दुखावला असेल तर आजपासून नाटक बंद. गुरवकाका, कौल लावा. मूर्तीवरचं उजवं फूल पडलं तर देव रागावला, डावं पडलं तर नाही."

गुरवाने मूर्तीला लावायला दोन फुलं उचलली, तसे महाराज घाईने म्हणाले, "अरे, एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला कशाला त्रास?"

"एवढीशीच ना, महाराज? मग तेवढ्यासाठी माझे पाय कशाला मोडताय?"

सगळ्यांत आधी हसले ते पैलवान.