गोजरा हैबतीची कोण?

हैबती बुरूड लग्नाला आला आणि हिंगणगडाच्या वेशीबाहेरच अडकला. सोबत त्याची आई. आत त्याची नवरी गोजरा. मधे एक भलंमोठं लाकडी दार आणि त्याहून आडमुठा कोतवाल.

“गावात तुझं कोण आहे?” कोतवालानं दाराच्या झरोक्यातून विचारलं.

“लग्न झालं की बायको असेल.”

“आत्ता कोण आहे?”

“आत्ता कुणी नाही.”

“मग आत यायचं नाही.”

हुकूम राजा भद्रसेनाचाच होता. मागं एक परगावचा ज्योतिषी आठ दिवसांसाठी आला आणि आठ महिने राजाच्या पंगतीला जेवला. तेव्हापासून, गावात नातलग नसेल त्या परक्याला वेस बंद!

गोजरा तडक दरबारात गेली. “महाराज, कोतवालांनी हैबतीला अडवलं. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा.”

“मग हैबतीनं इथं येऊन तक्रार करावी,” राजा म्हणाला.

“त्याला आत येऊ देत नाहीत, हीच तर तक्रार आहे.”

दरबारात खसखस पिकली. राजा चिडला. “तर त्याच्या नातलगानं करावी. तू त्याची कोण?”

“होणारी बायको.”

“होणारी म्हणजे अजून कुणीच नाहीस. नातलग होऊन ये, मग ऐकतो. पण तो आत येणार नाही, आणि तू वेशीबाहेर पाऊल टाकलंस तर तुलाही परत घेणार नाही.”

मानकरी पोट धरधरून हसले. गोजराचे कान तापले. ती वेशीपाशी येऊन उभी राहिली.

“मी परत जाऊ का?” पलीकडून हैबतीनं विचारलं.

“गेलास तर बघ,” ती म्हणाली. मग दाराकडे बघत राहिली. तो पलीकडे, ती अलीकडे, मधे आडोसा. ती वळली आणि भटजींच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीवर सनई वाजली. आत अर्धा गाव जमला.

“अंतरपाट कुठाय?” भटजींनी विचारलं.

गोजरानं दाराकडे बोट केलं. “एवढा जाड अंतरपाट आजवर कुणाला मिळालाय?”

मंगलाष्टकं सुरू झाली. दर ‘सावधान’ला पहारेकरी दचकून भाले सावरत. शेवटी गोजरा झरोक्याला पाठ लावून उभी राहिली आणि बाहेरून आत आलेल्या दोन हातांनी तिच्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं.

“अरे, हात आत आले,” कोतवाल ओरडला.

“हातच आलेत. माणूस बाहेर आहे, वाकून बघा.”

हळदीच्या अंगानंच ती दरबारात उभी राहिली. “महाराज, काल मी कुणीच नव्हते. आज हैबतीची बायको आहे. कोतवालसाहेब साक्षीला आहेत.”

राजानं कोतवालाकडे पाहिलं. “तू काय करत होतास?”

“अक्षता हातात दिल्या, महाराज. टाकल्या,” कोतवाल पुटपुटला.

राजाच्या मिशा थरथरल्या. “बरं, सांग तक्रार.”

“गावात नातलग नसेल त्याला वेस बंद, हा तुमचा हुकूम. हैबतीची बायको गावात आहे. आता त्याला अडवणारा तुमचाच हुकूम मोडतोय. आणि मंगलाष्टकं संपल्यावरही अंतरपाट धरून बसलेला राजा मी तरी ऐकला नाही.”

राजा इतका हसला की मुकुट कानावर आला. त्यानं गोजराला साडीचोळी दिली, नव्या जोडप्याला टोपल्या विणायला नदीकाठचं बांबूचं बन दिलं, आणि अंतरपाट दूर करायचं काम कोतवालाला दिलं.

चार शिपाई लागले, पण दूर केला.