कानांनी तपासलेले हात

फार फार मागे, माझ्या खापरपणज्याला मिशी फुटायच्याही आधी, एका रानात अस्वलगुरुजींची शाळा होती.

गुरुजींची नजर अधू. म्हणून पोरांच्या हातांची तपासणी ते कानांनी करायचे! खाण्याच्या सुट्टीआधी सगळ्यांनी ओरडायचं:

"माती झटकू, रिठा चोळू,
नखं घासू, मगच गिळू!"

ज्याचा आवाज मोठा, त्याचे हात स्वच्छ. झालं! हसताय काय? तुमचं बोट कुठंय आत्ता? नाकात ना?

सगळ्यांत मोठा आवाज एका माकडपोरीचा. "शाब्बास! हिच्यासारखी टापटीप कोणी नाही," गुरुजी म्हणायचे. रिठा मात्र तिनं कधी हाताला लावला नव्हता. ओढ्याचं पाणी गार असतं हो!

एका दुपारी ती चिखलात खेळून घरी आली. आई बाहेर गेलेली, धाकटा भाऊ भुकेनं रडत होता. तिनं पिकलं उंबर कुस्करून त्याला भरवलं. त्यानं तिची बोटंसुद्धा चाटली.

दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब लागले. डोळे खोल गेले. हाक मारली तरी मान वळेना. आईनं औषधपाणी करणाऱ्या साळिंदरआजीला बोलावून आणलं.

आजीनं आधी स्वतःचे हात घासले, मग पोराला उचललं. "काय खाल्लंन यानं?"

"उंबर. मीच भरवलं."

"हात बघू तुझे."

नखांखाली काळीकुट्ट घाण.

"तुला तर सगळं पाठ आहे ना गं? म्हण की."

पोरीनं म्हटलं. मग ओरडून म्हटलं. भाऊ हलला नाही.

"पुरे. गूळ-मीठ घातलेलं पाणी थेंबाथेंबानं पाजायचंय. पण या हातांनी त्याला शिवायचं नाही."

पोर ओढ्याकडे पळाली. रिठा चोळताना तिला मागून आईचा हंबरडा ऐकू आला. जीव म्हणाला, पळ घरी! पण एका हाताची नखं राहिली होती. रडत रडत तिनं तीही घासली.

मग ती धावत घरी आली. भावाचा श्वास अजून चालू होता. ती पाणी पाजत बसली. थेंब ओठांवरून ओघळायचा, ती पुन्हा पाजायची. ऊन उतरता उतरता भावाचा घसा हलला. त्यानं घोट गिळला.

भाऊ सावरल्यावर पोर शाळेत गेली, पण तपासणीला ओरडली नाही. गुरुजींनी विचारलं, "आज आवाज नाही गं?" तिनं ओले हात त्यांच्या नाकाखाली धरले. रिठ्याचा वास आला.

त्या दिवसापासून गुरुजी नाकानं तपासू लागले, आणि पहिल्याच तपासणीत अख्खी शाळा ओढ्यावर पळाली!

तात्पर्य: पाठ केलेली स्वच्छता तोंडातच राहते, जीव राखतात ते धुतलेले हात.