थेंबुलीची रिकामी टोपली

एक होती थेंबुली. रक्ताचा इवलासा थेंब. लालचुटुक. डोक्यावर टोपली. टोपलीतून खाऊ न्यायची आणि छोट्या सावनीच्या पायाच्या करंगळीला द्यायची.

आज टोपली रिकामी. करंगळी भुकेली. हलेचना. थेंबुलीला आला राग.

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक, गेली आतड्याकडे.

"आतडेदादा, आतडेदादा,
माझी टोपली रिकामी.
हा काय कारभार?"

आतडेदादा म्हणाला, "पोटोबानं घुसळलं, तर मी देईन. नाहीतर नाही."

थेंबुली आणखी लाल झाली. टुपुक टुपुक, वर पोटोबाकडे.

"पोटोबा, पोटोबा,
आतडं देत नाही,
माझी टोपली रिकामी.
हा काय कारभार?"

पोटोबा म्हणाला, "नळीताईनं ढकललं, तर मी घुसळीन. नाहीतर नाही."

नळीताई म्हणजे अन्ननळी. ती राहते वर, घशाखाली. थेंबुली आणखी लाल झाली. टुपुक टुपुक.

"नळीताई, नळीताई,
पोट घुसळत नाही,
आतडं देत नाही,
माझी टोपली रिकामी.
हा काय कारभार?"

नळीताई म्हणाली, "दातांनी चावलं, तर मी ढकलीन. नाहीतर नाही."

टुपुक टुपुक, थेट तोंडात.

"दातांनो, दातांनो,
नळी ढकलत नाही,
पोट घुसळत नाही,
आतडं देत नाही,
माझी टोपली रिकामी.
हा काय कारभार?"

दात म्हणाले, "घास आला, तर आम्ही चावू. नाहीतर नाही."

आणि घास कुठे? वरणभाताचा घास बसला होता गालात. मस्त आरामात.

"घासोबा, घासोबा,
दात चावत नाहीत,
नळी ढकलत नाही,
पोट घुसळत नाही,
आतडं देत नाही,
माझी टोपली रिकामी.
हा काय कारभार?"

घास म्हणाला, "मी काय करू? सावनीनं धरून ठेवलंय. बाबा गोष्ट सांगत भरवतात, आणि घास संपला की गोष्ट थांबवतात."

"म्हणून माझ्या करंगळीनं उपाशी राहायचं?"

थेंबुली चिडली. तिच्या सगळ्या बहिणी चिडल्या. सगळ्या गालात चढल्या. गाल झाला लालबुंद. गरम गरम.

बाबा म्हणाले, "अगं, गाल का लाल झाला? बघू." त्यांनी गाल दाबला. पुच्! घास निसटला, थेट दातांखाली.

"घास गालात ठेवलास होय? तू चाव गं. मी गोष्ट थांबवत नाही."

मग दातांनी चावलं, कचकच कचकच.
नळीनं ढकललं, सर्रर सर्रर.
पोटानं घुसळलं, घुसळ घुसळ.
आतड्यानं दिलं, टप टप टप.
टोपली भरली शिगोशीग.

"याला म्हणतात कारभार," थेंबुली म्हणाली, आणि खाली निघाली.

करंगळीनं खाऊ खाल्ला. करंगळी वळवळली. सावनी उठली आणि पळाली, धबधब धबधब.

उरला चोथा. तो गेला मोठ्या आतड्यात. सकाळी सावनीनं शी केली.

सावनीचं पोट हलकं, आपली गोष्ट संपली.