क्रमाबाहेरचा चेंडू

एकदा एका जिमखान्यात एक वृद्ध शिक्षक कल्याणी या आपल्या शिष्येला टेबल टेनिसचा सराव देत होते. बुधवारची सकाळ होती. वाऱ्याने चेंडू हलू नये म्हणून पंखे बंद होते. टोपलीतला एकेक चेंडू उचलून सर तो तिच्या डावीकडे टाकत, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. कल्याणी ते असे परतवी की शेजारच्या टेबलावरचा खेळ थांबे. राज्याच्या संघाची निवड जवळ आली होती आणि वयोगटाच्या नियमाने ही तिची शेवटची संधी होती.

सरांचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतले, ‘बरं’ म्हटले आणि बॅट खाली ठेवली.

"श्रीरंग गेला," ते म्हणाले. "तू सर्व्हिसचा सराव चालू ठेव."

श्रीरंग हा त्यांचा एकुलता एक मुलगा. बापलेकांचे बोलणे अनेक वर्षे बंद होते, हे जिमखान्यात सर्वांना ठाऊक होते. त्यामागचे कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

तेरावा उरकून सर परतले आणि भलतेच चेंडू टाकू लागले. डावीकडे, पुन्हा डावीकडे, मग थेट पोटावर. उजवीकडे झेपावलेली कल्याणी रिकाम्या जागेत बॅट फिरवून उभी राहिली.

"सर, निदान आधी सांगा तरी, कुठे टाकताय ते."

"निवडीच्या वेळी समोरच्या मुलीला विचार. तिने सांगितलं तर मलाही कळव."

"काय गं, माशा मारतेस काय?" जुने सभासद आगाशे बाकावरून हसले. नंतर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हाताऱ्याचं चित्त ठिकाणावर नाही. तू दुसरं कोणी बघ, बाई."

आठवडाभर हेच चालले. अखेर तिने बॅट ठेवली.

"सर, तुमचं दुःख मला कळतं. पण त्याची शिक्षा मला का? माझा पूर्वीचा सराव मला द्या."

सर वाकून चेंडू गोळा करत होते. ते तसेच खालून बोलले.

"पूर्वी तू चेंडूकडे पाहतच नव्हतीस. तो माझ्या बॅटवरून सुटण्याआधीच तुझे पाय निघायचे. त्यांना माझा क्रम पाठ होता. दिसायला सुंदर दिसायचं. श्रीरंगचंही दिसायचं. जिल्ह्याचा अंतिम सामना हरून तो घरी आला आणि म्हणाला, ‘बाबा, तुमच्यासारखे चेंडू सामन्यात कोणी टाकत नाही.’ मी म्हणालो, हरलेल्याने शिकवू नये. त्याने खेळ सोडला, मग घरही."

ते उभे राहिले.

"त्याचं बरोबर होतं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण सराव बदलला असता तर त्याच्या कानावर गेलं असतं की म्हातारा नमला. म्हणून बदलला नाही. त्यात किती मुलं वाया घालवली, देव जाणे. म्हटलं, सांगू कधीतरी. आधी मी जाणार, मग तो. हाही क्रम मी धरूनच चाललो होतो."

कल्याणीला यावर राग येऊ शकला असता. थोडा आलाही. मग तिने बॅट उचलली.

"टाका, सर."

निवडीच्या स्पर्धेत ती उपांत्य फेरीत हरली आणि संघातली जागा हुकली. पायांची जुनी सवय पुष्कळ सुटली होती, सगळी नाही. तेवढे दिवस हातात नव्हते. सरांनी तिला पाणी दिले आणि म्हणाले, "आज तू चेंडू पाहून खेळलीस." तिने मान हलवली. दोघांनाही ठाऊक होते की हा सराव फार आधी सुरू व्हायला हवा होता.

बरोबर असलेल्या माणसाला ‘तुझं बरोबर आहे’ म्हणण्यासाठी आपण सवडीची वाट पाहतो. सरांना ते एकाच माणसाला सांगायचे होते.

ते सांगायचे राहून गेले.