काळा वाघ आणि येसूची हळद

हातपाय आत घ्या सगळ्यांनी. पांघरूण एकच आहे, ओढाओढी केलीत तर गोष्ट बंद. आणि ही वाघाची गोष्ट आहे, बरं का. ज्याला भीती वाटते त्यानं मधे झोपायचं. मागनं माझ्या अंगावर उड्या मारायच्या नाहीत.

तर एकदा काय झालं, करवंदवाडीतल्या एका पोरीनं आपलं लगीन आपणच मांडायचं ठरवलं.

पोरीचं नाव येसू. तिला बाप नव्हता. ती पाळण्यात होती तेव्हाच गेला. आई होती, राही. राहीकडे ना शेत, ना गाय. एक दगडी जातं तेवढं होतं. मग ती काय करायची, अख्ख्या वाडीचं दळण दळायची. कुणाची नाचणी, कुणाची वरी. बदल्यात ओंजळभर पीठ मिळायचं. त्या पिठाच्या भाकरीवर येसू वाढली. अठरा वर्षं ते जातं रोज फिरलं, आणि अठरा वर्षं त्याला एकच हात ठाऊक.

मग येसूचं जमलं. दरीपल्याडच्या गावचा हैबती. पोरगा कामाचा, तोंडानं गोड. लग्न ठरल्याबरोबर येसूची साळूआत्या येऊन धडकली. आली ती पदर खोचूनच.

"मांडवाला कापड मी आणते. मुंडावळ्या मोत्यांच्या आणते. तू फक्त खाली मान घालून बस."

"आत्या, आधी पाणी पी," येसू म्हणाली. "मांडव आपल्या जांभळीच्या फांद्यांचा. मुंडावळ्या रानजाईच्या. जेवायला वरीचा भात आणि उडदाचं घुटं. आणि बोलावणी मी करणार."

"नवरी कुठं दारोदार हिंडते का गं? लोक काय म्हणतील?"

"जेवायला आले की विचारते त्यांना."

आत्या पाणी प्यायला बसली.

आता बोलावणं कसं करायचं, तर कुंकवात भिजवलेले तांदूळ घ्यायचे. अक्षता म्हणायच्या त्यांना. ज्याला बोलवायचं त्याच्या उंबऱ्यावर चार दाणे ठेवायचे आणि म्हणायचं, लग्नाला यायचं हं. येसूनं ओटीत अक्षता घेतल्या आणि वाडीतला एकूण एक उंबरा गाठला. जिच्याशी वर्षभर भांडण होतं त्या म्हातारीचासुद्धा सोडला नाही.

मग राहिली तीन मोठी बोलावणी. ती केल्याबिगर त्या वाडीत लग्नच होत नसे.

पहिलं बोलावणं डोंगरावरच्या देवीला. येसू चढून गेली. गुरवानं देवीच्या कपाळाला फूल लावलं. फूल उजवीकडे पडलं तर देवी हो म्हणते, डावीकडे पडलं तर नाही. गुरव म्हणाला, "देवी विचारते आहे, सगळ्यांना बोलावलंस का?"

"हो. एकूण एक उंबरा झाला."

फूल उजवीकडे गेलं नाही आणि डावीकडेही गेलं नाही. सरळ खाली पडलं. गुरवानं डोकं खाजवलं. म्हणाला, "असं मी कधी बघितलं नाही बाई."

दुसरं बोलावणं नदीच्या डोहाला. डोहात सात जलदेवता राहतात, साती आसरा. येसूनं पानावर अक्षता ठेवून पान पाण्यात सोडलं. पाण्यातून हळूच आवाज आला, "सगळ्यांना बोलावलंस का?"

"हो, सगळ्यांना."

पान तीनदा गरगर फिरलं आणि परत येऊन येसूच्या पायाला लागलं. कोण राहिलं? तिनं बोटांवर घरं मोजली. वाडीत पस्तीस उंबरे, पस्तीस बोटं मोडून झाली. कोणी राहिलं नव्हतं.

आणि तिसरं बोलावणं वाघोबाला.

हा वाघ दरीत राहायचा, आणि हैबतीच्या गावची वाट त्याच दरीतून. तेव्हा वाघ पिवळा नव्हता, बरं का. काळा होता. तव्याच्या बुडासारखा काळाकुळकुळीत. पिवळा कसा झाला, ते कळेल. मधे बोलू नका.

बाकीचे लोक काय करायचे, लांबून नारळ फेकायचे, "वाघोबा, लग्नाला या" असं ओरडायचे आणि धूम पळायचे. येसू पळाली नाही. गुहेच्या तोंडाशी गेली, दगडावर अक्षता ठेवल्या आणि उभी राहिली.

अंधारात दोन डोळे उघडले.

"येईन," वाघ म्हणाला. "गोरज मुहूर्ताला, गुरं घरी परततात तेव्हा, तुझ्या दारी असेन. पण नेम ऐकून जा. हळद लागलेली पोर माझी लेक. तिला मी दरी पार करून देतो. आणि बिनहळदीची नवरी माझा घास. नेम मी केलेला नाही, माझ्या आजोबापासून चालत आलाय."

"हळद लागलेली असेल," येसू म्हणाली.

"सगळ्यांना बोलावलंस का?"

आता मात्र येसूला राग आला. "हो म्हटलं ना! किती वेळा सांगू?"

"बघ हं," वाघ म्हणाला आणि डोळे मिटले.

मग लग्नाचा दिवस उजाडला. मांडव घातला, जांभळीचा हिरवागार. वरीचा भात शिजला. हैबती वऱ्हाड घेऊन आला. त्या वाडीत हळद शिळी चालत नाही. ज्या दिवशी लग्न त्याच दिवशी नवरीच्या घरच्या जात्यावर हळकुंडं दळायची, ती हळद अंगाला लावायची आणि मगच बोहल्यावर चढायचं. शेजारचं जातं का नाही आणलं, असं विचाराल. नाही चालत. नवरीची हळद नवरीच्याच जात्यावरची.

जातं मांडवाच्या मधोमध मांडलं. जोशीबुवांनी मोठ्या घंगाळात पाणी भरलं आणि वर तांब्याची वाटी सोडली. वाटीच्या बुडाला बारीक भोक. त्यातून पाणी हळूहळू आत शिरतं. वाटी बुडाली की मुहूर्त.

आणि राही कुठं होती? मागच्या पडवीत. दार ओढून बसली होती. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. म्हणावंच लागत नव्हतं. नवरा गेलेल्या बाईनं हळदीपाशी फिरकायचं नाही, अशी रीत. रीत कुणी काढली मला ठाऊक नाही. भेटला तर मी त्याला सोडणार नाही.

तेवढ्यात मांडवातली कुत्री एकदम गप्प झाली.

वाघ आला. काळा, पाटाएवढ्या तोंडाचा. मांडवाच्या दारात बसला आणि शेपूट पायाभोवती घेतलं. कोणी जागचं हललं नाही. पाहुणा होता तो, बोलावलेला पाहुणा. हैबती कोयता घेऊन पुढं झाला. येसूनं त्याला मागं सारलं.

"त्याला मी बोलावलंय. पाहुण्यावर हत्यार उचलू नका."

"अगं, पण..."

"हळद दळून होईल आता. घाबरू नका," येसू म्हणाली. स्वतः घाबरलेली होती, तरी म्हणाली.

साळूआत्या चार सवाष्णी घेऊन जात्यावर बसली. पाच जणींनी खुंटा धरला, हळकुंडं टाकली आणि ओढलं. जातं हललं नाही. पुन्हा ओढलं. गुंजभर हललं नाही. आत्याचं तोंड लालभडक झालं.

वाघ उठला, दोन पावलं पुढं आला आणि मांडवाच्या खांबाशी बसला.

मग हैबतीकडच्या बाया उठल्या. "सरा गं, तुम्हाला जमत नाही," म्हणाल्या. त्याही पाच जणी. त्यांनी ओढलं. बांगड्या फुटल्या, जातं जागचं हललं नाही.

वाघ उठला. आणखी दोन पावलं. आता बोहल्याशी.

जोशीबुवा म्हणाले, "वाटी निम्मी भरली."

मग रीत गेली चुलीत, दोन पैलवान गडी बसले. दंडाच्या बेडक्या फुगल्या. एक, दोन, तीन... काडकन आवाज झाला. जातं तसंच. खुंटा मोडून हातात आला.

मांडवात वाघाचा श्वास तेवढा ऐकू येत होता. येसूच्या पायावर तो गरम गरम लागत होता, इतका तो जवळ बसला होता.

"वाटी काठाला आली," जोशीबुवा म्हणाले.

आणि तेव्हा, त्या शांततेत, मागच्या पडवीतून बारीक आवाज आला. राही गुणगुणत होती. तिला काही कळलं नव्हतं. दार बंद, तिला एवढंच ऐकू येत होतं, की जात्याचा आवाज येत नाही. अठरा वर्षांत जातं कधी असं गप्प बसलं नव्हतं. म्हणून आपसूक तिच्या तोंडी ओवी आली.

दळिता दळण, माझ्या बाहीला भरे कळ
लेकीच्या भाकरीला, मला देवानं दिलं बळ

आणि जातं घर्रकन फिरलं. अर्धा वेढा. खुंटा नाही, कुणाचा हात नाही, आपलं आपण.

"कोण गातंय गं? गप!" साळूआत्या ओरडली. ओवी थांबली. जातंही थांबलं.

येसूला एकदम कळलं. पस्तीस उंबरे तिनं मोजले होते. पण स्वतःचा उंबरा कोण मोजतं? आपल्याच घरच्या माणसाला कुणी अक्षत देतं का? तिथंच तर ती चुकली होती.

तिनं ओटीतले उरलेले चार दाणे घेतले आणि ती आत धावली. आत्या आडवी आली.

"तिला बाहेर आणू नकोस! पांढऱ्या कपाळाची बाई हळदीला, अपशकुन होईल!"

"आत्या, मांडवात वाघ बसलाय. याहून मोठा अपशकुन तू कुठून आणणार आहेस? सर बाजूला."

आत्या सरली.

येसूनं पडवीच्या उंबऱ्यावर चार दाणे ठेवले. "आई, माझ्या लग्नाला यायचं हं."

राहीनं मान हलवली. "नको गं बाय. माझ्या पायानं तुझं काही वाईट झालं तर? मी इथून ऐकते की."

"अठरा वर्षं तुझ्या हातचं खाल्लं. काय वाईट झालं माझं?"

राही दाण्यांकडे बघत राहिली.

"तू येणार नसशील तर मीही बोहल्यावर चढत नाही. बाहेर वाघ बसलाय, मी बिनहळदीचीच जाते त्याच्यापुढं."

मग राही उठली. गुडघ्यावर हात देऊन उठली. पदर डोक्यावर घेतला, दाण्यांना पाय न लावता उंबरा ओलांडला आणि सगळ्या मांडवासमोर, वाघासमोर, जात्यापाशी बसली. खुंटा मोडलेला. तिनं नुसती दोन बोटं खुंट्याच्या भोकात घातली आणि ओवी धरली.

काय फिरलं जातं! भिंगरीसारखं. हळकुंडांचं सोनं होऊन सगळीकडून सांडायला लागलं.

वाघ उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं. वाटी कलली.

राहीनं दोन्ही हात हळदीत बुडवले आणि येसूच्या गालांना लावले.

डुबुक. वाटी बुडाली.

वाघानं येसूचे गाल हुंगले. एकदा उजवा, एकदा डावा. मग तोंड मिटलं आणि मान खाली घातली. "लेक माझी," म्हणाला.

तरी मांडवात कुणी हलेना. राही मात्र त्याच्याकडे बघत होती. "एवढा लांबून पाहुणा आला," ती म्हणाली, "आणि त्याला कुणी हळद लावली का?"

"मला?" वाघ म्हणाला. त्याची अशी विचारपूस कधी कुणी केलीच नव्हती.

"बस खाली," राही म्हणाली. वाघ बसला. राहीनं त्याला हळद लावली. डोक्याला, पाठीला, पोटाला, शेपटाच्या टोकापर्यंत. घाईनं लावली, कारण मंगलाष्टका सुरू झाल्या होत्या. जिथं तिची बोटं पोचली तिथं वाघ पिवळा झाला. दोन बोटांच्या मधे जी फट राहिली, तिथं तो काळाच राहिला. तेच ते पट्टे. आजपर्यंत गेलेले नाहीत.

मग येसूचं लग्न लागलं. पहिली अक्षत राहीनं टाकली. पाहुणे पोटभर जेवले. साळूआत्यानं घुटं तीनदा मागून घेतलं. आणि वरात दरीतून निघाली तेव्हा सगळ्यांच्या पुढं पिवळा वाघ चालत होता, वाट दाखवत. येसू आणि हैबती सुखानं नांदले. राहीला कुणी मागच्या पडवीत बसवलं नाही. तेव्हापासून त्या वाडीत लग्न निघालं की पहिले चार दाणे आपल्याच उंबऱ्यावर ठेवतात, मग गावाच्या.

संपली गोष्ट. डोळे मिटा आता. उद्या आपल्या सुलूची हळद आहे, पहाटे उठायचंय. आणि तिला पहिलं बोट तिची आईच लावणार आहे. आईचं कपाळ कसं का असेना. कुणी आडवं आलं तर मी आहे दारात बसलेली.

निजा.