बोटाखालचा दिवस

“...आणि होऊन गेलेल्या दिवसावर बोट ठेवलं तर?” मोहनगीर बुवांनी विचारलं.

“काही होत नाही, बुवा. गेलेले दिवस फिकट केलेत. ते उघडतच नाहीत,” हेमराज म्हणाला.

“आणि येणारे?”

“येणारे सगळे आपले.”

हेमराज पुण्यात कंपनीत होता. वेबसाइटवर बसवायचं कॅलेंडर त्याने स्वतः बनवलं होतं. तेच टॅबवर दाखवायला तो गिरणेकाठच्या मठात आला होता. याच बुवांनी त्याला लहानपणी मठाच्या ओसरीवर पाढे शिकवले होते. त्यांची शाबासकी त्याला हवी होती.

“हा बघा कार्यक्रम. बोट दाबून धरायचं, ओढत न्यायचं. बोट उचललं की त्या दिवशी पडला. कडेला नेलं तर महिना आपोआप उलटतो.”

“गेल्या दिवाळीला तू येणार होतास.”

“कामं होती. पुढे सरकवलं.”

“यातच?”

“यातच!” हेमराज हसला. बुवाही हसले.

“आणि पुसायचं असेल तर?”

“पुसता येत नाही. मुद्दामच. लोक घडीघडी रद्द करतात. माझ्याकडे एकदा घातलं की घातलं. नुसतं हलवायचं.”

“शहाणा आहेस. आण इकडे.”

बुवांनी टॅब मांडीवर घेतला. उद्याच्या चौकोनावर बोट ठेवलं. एकेक अक्षर शोधत, पुटपुटत काहीतरी लिहिलं आणि टॅब परत दिला.

हेमराजने वाचलं.

मोहनगीर यांची समाधी.

त्याने अंगणाकडे पाहिलं. आधीच्या महंतांच्या समाध्या तिथे ओळीने होत्या. ओळीच्या टोकाची जागा मोकळी होती. आज ती सारवलेली होती. अजून ओली.

“बुवा... ही कसली थट्टा?”

“थट्टा कुठे? येणारे सगळे आपले, तूच म्हणालास.”

“तुम्हाला बरं नाही का? गाडी आहे माझ्याकडे. आत्ता डॉक्टरकडे...”

चुलीवरून पातेलं उतरवून बुवांनी दोन कपांत चहा गाळला.

हेमराजने त्या ओळीवर बोट दाबलं आणि ओढलं.

महिना उलटला. आणखी एक. दिवाळी गेली, शिमगा गेला, पुढचं वर्ष लागलं. तो ओढतच राहिला. बोट उचलेना.

“किती लांब नेतोस, लेका?”

आणखी एक वर्ष उलटलं.

“सोड की आता.”

“कुठे सोडू, बुवा?” हेमराज म्हणाला. “कुठल्याच दिवशी सोडवत नाही.”

महिने उलटत राहिले. एका हाताने टॅब घट्ट धरलेला, दुसऱ्याचं बोट काचेवर रुतलेलं.

बुवांनी त्याचा कप त्याच्या गुडघ्याजवळ सरकवला.

“बोट उचल. चहा निवतोय.”