कुसुंबाच्या सावलीचे मोल

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरात सुषेण राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वांनी एका सुताराच्या कुळात जन्म घेतला होता. लाकडावर बोट वाजवून ते सांगत की आत कीड आहे की नाही, आणि झाडाने किती पावसाळे पाहिले आहेत. त्यांनी केलेले मोल घेणाऱ्यालाही पटे आणि देणाऱ्यालाही, आणि ही गोष्ट तेव्हाही दुर्मीळच होती. म्हणून राजाने त्यांना दरबारचे पारखी नेमले.

त्याच नगरात रोहक नावाचा लाकूडतोड्या राहत असे. त्याचा घाव बोटभरही चुकत नसे. मन मात्र आळसाचे माहेरघर. एकदा राजाच्या गाड्यांच्या चाकांना नवे आस हवे झाले, आणि आसाला कुसुंबासारखे चिवट लाकूड नाही. वनपालाने नदीपलीकडच्या रानात तोडायच्या झाडांवर गेरूचा पंजा उमटवून ठेवला. राजाचा नियम साधा होता. खुणेचेच झाड तोडायचे. चुकून दुसरे तोडले तर त्याचे मोल भरायचे. जाणूनबुजून तोडले तर उजवा हात गमवायचा.

वैशाख होता. रान दोन कोस दूर, आणि वाटेत तापलेली वाळू. रोहक नदीच्या अलीकडेच, कुंभारांच्या पाड्याशी थबकला. तिथे दोघांच्या कवेत न मावणारा एक कुसुंब उभा होता आणि त्याच्या खोडावर गेरूचे पंजे होते, जुन्यावर नवे, कितीतरी. पाड्याची रीत अशी की लेक सासरी निघाली की तिने गेरूत हात बुडवून झाडावर ठसा ठेवायचा आणि मगच वाटेला लागायचे. ही रीत रोहकाला ठाऊक नव्हती. पण वनपालाचा हात सुपाएवढा आहे, हे त्याला चांगले ठाऊक होते. आणि हे पंजे लहान होते. एका पंज्याखाली तर बांगडीची रेघ उमटली होती. रोहकाने ती रेघ पाहिली.

सगळा पाडा तीन दिवसांसाठी लांबच्या तळ्यावर माती आणायला गेला होता. रोहक सावलीत बसला, सातूचे पीठ कालवून खाल्ले, आडवा झाला. पानांतल्या एका खिंडारातून ऊन नेमके डोळ्यांवर आले, तेव्हा तो कूस बदलून सरकला आणि झोपला. उठल्यावर त्याने कुऱ्हाड उचलली. दुसऱ्या दिवशी मावळतीला झाड पडले.

पाडा परतला, आणि त्यातली पाटला नावाची म्हातारी दरबारात येऊन उभी राहिली. तिची एकुलती लेक बाळंतपणात सासरीच वारली होती. मागे राहिला होता तो खोडावरचा हात. पण ते ती बोलली नाही. अमात्याने ओंडक्यांचे मोल ठरवून रोहकाला भरायला सांगितले, तेव्हा तिने मान हलवली.

"महाराज, एवढ्या मोलाची लाकडं मी जन्मभर भट्टीत घातली. लाकडाचं मोल मला कळतं. मला झाडाचं सांगा."

"चूक झाली, महाराज," रोहक म्हणाला. "पंजे दिसले, वाटलं आपलीच खूण." खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटे नाही, बोलताना त्याने उजवा हात पाठीमागे धरला होता.

राजाने बोधिसत्त्वांकडे पाहिले. ते पुढे आले. मग म्हणाले, "महाराज, वस्तू पाहिल्याशिवाय मी मोल करीत नाही. मला ते झाड पाहू द्या."

अमात्य हसला. "बैल गेला आणि झोपा केला! पडलेलं झाड कसं पाहणार, पारखी?"

"उद्या मध्यान्ही दिसेल," बोधिसत्त्व म्हणाले, आणि त्यांनी गावोगाव दवंडी पिटवली: त्या कुसुंबाखाली जो जो टेकला असेल, त्याने उद्या मध्यान्ही येऊन आपापल्या जागी उभे राहावे.

दहा-वीस कुंभार येतील, असे रोहकाला वाटले होते. पण सकाळपासून माणसे येतच राहिली. कच्ची मडकी सावलीत वाळवणाऱ्या कुंभारणी आल्या. धनगर मेंढरे घेऊन आले, नदीवरचे धोबी आले, कोळी आले. एक बाई तिथेच बाळंत झाली होती. आता मिशा फुटलेल्या त्या मुलाला घेऊन ती आली. एक आंधळा चाचपडत बुंध्यापाशी गेला आणि न चुकता आपल्या मुळावर जाऊन बसला. कोणी कोणाला जागा दाखवली नाही. ज्याची त्याची पावले आपली जागा ओळखत होती.

सूर्य माथ्यावर आला तेव्हा बोधिसत्त्व राजाला आणि रोहकाला घेऊन शेजारच्या टेकाडावर चढले. "आता पाहा," ते म्हणाले.

रोहकाने खाली पाहिले. खाली माणसांची सावली पडली होती. कुसुंबाचा घेर जिथे संपत होता तिथेच गर्दी संपत होती, त्यापलीकडे एकही पाऊल नव्हते. नदीकडे झुकलेली लांब फांदी धोब्यांच्या आणि कोळ्यांच्या रांगेत जशीच्या तशी उभी होती. आणि ऐन गर्दीत एक जागा मोकळी होती, वाकडीतिकडी, घोंगडीएवढी. तिथे कोणीच उभे नव्हते. रोहकाने ती जागा ओळखली. त्याच खिंडारातले ऊन त्याच्या डोळ्यांवर आले होते. नसलेल्या झाडातून ऊन आजही तिथेच पडत होते, आणि तिथे कोणी बसत नसे हे शेकडो माणसांचे पाय विसरले नव्हते. वर, बरोबर शेंड्याच्या उंचीवर, पोपटांचा थवा बसायला जागा शोधत घिरट्या घालत होता.

वैशाखाच्या त्या उन्हात सगळे उभे होते. राजाने आपल्या डोक्यावरचे श्वेतछत्र मिटवायला सांगितले. एका माणसापुरत्या सावलीची त्याला लाज वाटली.

"महाराज, हे झाड," बोधिसत्त्व म्हणाले. आणि त्यांनी ही गाथा म्हटली:

खोड मोजतो सुतार, फळे मोजतो माळी;
छाया मोजू जाता उभी राहते सारी आळी.

मग त्यांनी खाली हाक दिली, "कुणी यायचं राहिलं आहे का?"

रोहकाचे पाय टेकाड उतरू लागले. मोलावर सुटका होत होती, हे त्याला कळत होते. पुढे बोललो तर हात जाईल, हेही कळत होते. तरी तो चालत राहिला. मोकळ्या जागेच्या कडेला, जिथे तो कूस बदलून झोपला होता, तिथे जाऊन तो थांबला.

"मीही बसलो होतो ह्या सावलीत," तो म्हणाला. "पोटभर खाल्लं, झोपलो. आणि चूक नव्हती, महाराज. पंजे लहान होते. बांगडीची रेघ मी पाहिली होती."

ती रेघ कोणाची, हे म्हातारीइतके कोणाला ठाऊक असणार? पण तिने शेजारच्या बाईचा दंड धरून तिला बाजूला घेतले. "सरक गं. ह्याला उभं राहू दे. झाडानं कधी कुणाला हाकललं नाही."

राजा जड आवाजात म्हणाला, "नियमाने हात जातो. पारखी, तुम्ही काय म्हणता?"

"महाराज, झाडाचं मोल ऐंशी पावसाळे आणि ही माणसं. ते कुठल्याच कोठारात नाही. आणि हात तोडला तर नव्या रोपाला पाणी कोण घालील? ह्या हाताचं मोलही मला आज कळलं. तो सत्यासाठी पुढे आला आहे. तो पाड्याला द्या."

तसेच झाले. दिव्याच्या तेलासाठी ठेवलेल्या त्याच कुसुंबाच्या बिया म्हातारीने आणून दिल्या. त्यांतल्या एकीला कोंब फुटला. रोहकाने त्या घेरावर गवताचा मांडव घातला, दर साली तो नव्याने शाकारला, आणि नदीचे पाणी खांद्यावरून आणून रोप वाढवले.

चौथ्या वर्षी पाड्यातली एक लेक सासरी निघाली. तिने गेरूत हात बुडवला आणि ती घुटमळली. रोप अजून मनगटाएवढेच होते. ठसा ठेवायला खोडच नव्हते. पाटला काठी टेकत पुढे आली आणि घागर घेऊन उभ्या असलेल्या रोहकाकडे तिने बोट दाखवले.

"ह्याच्या पाठीवर ठेव, बाई."

रोहकाने घागर उतरवली, पाठ वाकवली आणि तो लहानग्या ओल्या हाताखाली झाडासारखा स्तब्ध उभा राहिला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, सांगितली तेव्हा कुटीच्या छपरासाठी लोकांचे झाड तोडून आलेला एक भिक्षू मान खाली घालून समोर बसला होता. शास्ते त्याला म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा रोहक तू होतास. ज्या उपासिकेचं झाड तू तोडलंस आणि जिने आज तुला भिक्षा वाढली, ती पाटला. सुषेण राजा म्हणजे इथे बसलेला हा वृद्ध थेर भिक्षू. आणि पारखी मीच होतो."

जे उरले नाही तेही नीट पाहणे, ह्याला प्रज्ञापारमी, म्हणजे प्रज्ञेची पूर्णता, म्हणतात. आणि पाहिल्यावर अपराध्याचा हात तोडण्याऐवजी त्याच्या हाती घागर देणे, ही करुणा.